बिल निघण्याआधी: ग्रामपंचायतीचा खर्च तपासायला शिकताना

निवडून आल्यावरची पहिली मासिक सभा. चहा येतो, विषय वाचले जातात आणि प्रोसिडिंग रजिस्टर फिरत फिरत तुमच्यासमोर येतं. "सही करा ताई, मागच्या महिन्याचा खर्च मंजूर करायचा आहे." किती खर्च, कशावर, कोणाला, हे कोणी वाचून दाखवलेलं नसतं. आधीच्या सगळ्यांनी सह्या केलेल्या असतात, म्हणून तुम्हीही करता. तापीकाठच्या आमच्या गावात मी पाच वर्षं सदस्य होतो आणि पहिलं जवळपास अख्खं वर्ष अशाच सह्या केल्या. त्यातून जे शिकलो ते खानदेशातल्या नव्या सदस्यांसाठी, आणि सदस्य नसूनही गावाच्या पैशावर लक्ष ठेवू पाहणाऱ्यांसाठी, लिहितो आहे.

ही सही हलकी नसते. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत अनेक माजी नगरसेवक होते. प्रकरण पुढे अपिलात उच्च न्यायालयात गेलं, पण सभागृहात ठरावाला वर केलेला हात किती वर्षांनी आणि कुठे मोजला जातो हे तेव्हा आख्ख्या खानदेशाने पाहिलं. ग्रामपंचायत नगरपालिकेपेक्षा लहान असली तरी नियम तोच आहे. पंचायतीच्या पैशाचं नुकसान झालं तर मंजुरी देणाऱ्यांनाही जाब विचारला जातो.

माझा अनुभव असा की पैसे निघून गेल्यावर ते परत आणणं फार अवघड असतं. चौकशी लागते, ती वर्षानुवर्षं चालते आणि तोवर रस्ता दुसऱ्यांदा उखडतो. म्हणून लक्ष ठेवायचं ते बिल निघण्याआधी. पुढचं सगळं त्याच दृष्टीने वाचा.

दप्तराची ओळख करून घ्या

ग्रामपंचायतीचा हिशोब महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ प्रमाणे ठेवतात. तिच्यात १ ते ३३ क्रमांकांचे नमुने आहेत. ते सगळे पाठ करायची गरज नाही. ग्रामसेवकाला (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आपल्याकडे हाक मात्र भाऊसाहेब अशीच मारतात) "दप्तर दाखवा" म्हटलं तर समोर काय ठेवावं हे त्यालाही कळत नाही. "नमुना पाच आणि बाराची फाइल दाखवा" म्हटलं की कळतं. क्रमांकाने मागितलं म्हणजे वाचायलाही येतं, हे समोरच्याच्या लक्षात येतं.

सुरुवातीला एवढे धरा. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प. नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वही, सगळ्या जमाखर्चाचं मूळ. नमुना ७ आणि १० या पावत्या, पहिली सामान्य जमेची, दुसरी कर आणि फीची. नमुना १२ म्हणजे खर्चाचं प्रमाणक, ज्याला आपण व्हाउचर म्हणतो. नमुना १५ मध्ये संपणाऱ्या वस्तूंचा साठा असतो: ब्लिचिंग पावडर, बल्ब, झाडू. नमुना १६ मध्ये टिकणाऱ्या वस्तू: मोटार, कपाट, संगणक. नमुना १७ अग्रिम (आगाऊ दिलेल्या) आणि अनामत रकमांचा. नमुना २० कामाच्या अंदाजपत्रकाचा आणि २०क मोजमाप वहीचा, जिला सगळे एमबी म्हणतात. नमुना ३० मध्ये लेखापरीक्षणाच्या आक्षेपांची पूर्तता लिहितात. एवढे दहा-अकरा नमुने ओळखीचे झाले की बाकीचे लागतील तसे कळत जातात.

हे एका वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्येही चालेल, पण सभेत वही उघडलेली बरी दिसते.

पहिल्या महिन्यात फक्त रोकड जुळवा

कामं, निविदा, घोटाळे या कशाच्याही मागे पहिल्या महिन्यात लागू नका. बँकेचं पासबुक किंवा खातेउतारा आणि नमुना ५ शेजारी शेजारी ठेवा. एकाच महिन्याची पानं घ्या. बँकेतून गेलेली प्रत्येक रक्कम वहीत आहे का? वहीत जमा दाखवलेली वसुली बँकेत भरली आहे का, आणि कधी भरली?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली मार्चमध्ये जोरात होते. नमुना १० च्या पावतीपुस्तकावर ५ मार्चची पावती आणि बँकेत भरणा २८ मार्चचा, असं दिसलं तर मधले तेवीस दिवस पैसे कुठे होते हे विचारावंच लागतं. वसुलीची रक्कम बँकेत न भरता परस्पर खर्च करता येत नाही, मग तो खर्च कितीही गरजेचा असो. पाणी सोडणाऱ्याचा पगार द्यायचा होता, मोटार जळाली होती, ही कारणं खरीही असतात. तरीही पैसा आधी बँकेत जातो, मग प्रमाणकावर निघतो. ही एक सवय लागली की गावचा अर्धा हिशोब आपोआप सरळ होतो.

पावतीपुस्तकांचे क्रमांकही बघा. छापून आणलेली पुस्तकं किती, वापरलेली किती, शिल्लक किती. एखादं पुस्तक सापडतच नाही असं उत्तर आलं तर ती गोष्ट सभेत बोलून ठरावात नोंदवून घ्या. ती विसरण्यासारखी नसते.

शासनाच्या निधीचे पैसे आता ऑनलाइन निघतात. वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने होतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेलं हे पोर्टल कोणालाही पाहता येतं, लॉगिन लागत नाही. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. आराखड्यात कोणती कामं आहेत आणि कोणाच्या नावे किती रक्कम गेली हे दिसतं. आमच्याकडे शेतातून आल्यावर रात्री ओट्यावर बसून दोन-तीन पोरं हे बघायची आणि सकाळी भाऊसाहेबांना एखादा प्रश्न जायचा. प्रश्न येतात हे कळल्यावर नोंदी वेळेवर होऊ लागल्या.

एक सांगून ठेवतो. सरपंचाची डिजिटल सहीची किल्ली सरपंचाकडेच हवी. ती पंचायतीच्या टेबलाच्या खणात किंवा ऑपरेटरकडे कायमची पडून असेल तर दोन सह्यांची व्यवस्था नावापुरती उरते. राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्याकडच्या कितीतरी सरपंच ताईंची किल्ली घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या खिशात असते. ताई, रक्कम तुमच्या नावाने निघते. किल्ली आणि तिचा पिन तुमच्याजवळच ठेवा.

पैसा कोणता, ते आधी विचारा

प्रत्येक खर्चाला पहिला प्रश्न: हा कोणत्या निधीतून? कारण निधीप्रमाणे नियम बदलतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२०-२१ ते २०२५-२६) अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी २०२१-२२ पासून होती. अबंधित रकमेतूनही पगार आणि कार्यालयाचा आस्थापना खर्च चालत नाही. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. म्हणून जुन्या आयोगाच्या कामाचं बिल समोर आलं तर काम कोणत्या वर्षाच्या आराखड्यातलं ते बघा.

स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. हा खर्च मार्च अखेरीला घाईघाईने केला जातो. दिव्यांगांच्या नावाने काय घेतलं आणि कोणाला दिलं, याची यादी मागा आणि यादीतल्या दोन घरी जाऊन या. वस्तू मिळाली का हे त्या घरातला माणूस एका वाक्यात सांगतो.

एकच खरेदी निवडा आणि तिचा माग काढा

सगळी फाइल चाळू नका, एक खरेदी घ्या. नवशिक्यासाठी मी नेहमी ब्लिचिंग पावडर सुचवतो. आपण तिला टीसीएल म्हणतो. ती प्रत्येक गावात घेतली जाते, हिशोब सोपा आहे आणि विषय लेकरांच्या पोटाचा आहे.

आधी गरज काढा. हजार लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम पावडर लागते. गावची टाकी ५० हजार लिटरची असेल आणि रोज एकदा भरत असेल तर दिवसाला २५० ग्रॅम आणि वर्षाला साधारण ९१ किलो. म्हणजे २५ किलोच्या चार गोण्यांच्या आतबाहेर. आता नमुना १२ मधली टीसीएलची बिलं बेरीज करा. बेरीज ३०० किलो आली तर प्रश्न उभा राहतो. २० किलो आली तर त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो, कारण याचा अर्थ गाव वर्षभर काय पीत होतं?

मग नमुना १५ उघडा. बिलावरची गोणी साठा नोंदवहीत जमा झाली का? रोजचा वापर वजा लिहिला आहे का, की महिनाअखेर एकाच शाईत तीस दिवस भरले आहेत? मग पाणी सोडणाऱ्या भाऊला भेटा, त्याचा अपमान होईल असं काही न बोलता. "भाऊ, पावडर कोठे ठेवता, दाखवाल का?" गोणी बघा, उत्पादनाचा महिना बघा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत काय उष्णता होते हे सांगायला नको. साठवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडत जातो. म्हणून वर्षाचा साठा एकदम एप्रिलमध्ये घेणं ही वाईट खरेदी आहे, तिची कागदपत्रं अगदी चोख असली तरी.

आमच्या गावात हाच माग काढताना कळलं की तीन गोण्यांचं बिल निघालं होतं आणि खोलीत एकच गोणी होती. बाकीच्या दोन पुरवठादाराकडेच "नंतर घेऊ" म्हणून राहिल्या होत्या. नंतर म्हणजे कधी हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या सभेत ठराव झाला: माल पंचायतीत उतरल्यावर, साठा नोंदवहीत पान क्रमांक पडल्यावरच बिल काढायचं आणि तो पान क्रमांक बिलावर लिहायचा. एवढ्याने फार फरक पडला. तुमच्याकडे हा ठराव नसेल तर पहिला हाच मांडा.

दुसरी खरेदी मोटार दुरुस्तीची घ्या. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मोटार कोरडी चालते आणि जळते. हे खरंच होतं. पण त्यामुळेच रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत नवी तार गुंडाळण्याच्या, बिलांकडे कोणी बघत नाही. बिलावर मोटारीचा अनुक्रमांक आणि हॉर्सपॉवर लिहिलेली हवी. एकाच मोटारीचं बिल महिनाभरात दुसऱ्यांदा आलं तर पहिल्या दुरुस्तीची हमी कुठे गेली ते विचारा. जळालेली तांब्याची तार भंगारात विकली जाते, तिला चांगला भाव येतो. ती पंचायतीकडे परत आली का, की दुरुस्तीच्या रकमेतून वजा झाली? नवी मोटार घेतली असेल तर जुनी नमुना १६ मध्ये कुठे आहे? ती कोणाच्या तरी विहिरीवर चालू असल्याचं गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त वहीत नसतं.

तीन दरपत्रकं आणि एक हात

लहान खरेदीला किमान तीन दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी योग्य दर सभेत मंजूर करायचा. मोठ्या खरेदीला ई-निविदा. किती रकमेपर्यंत दरपत्रक चालतं आणि कुठून पुढे निविदा लागते, या मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं. म्हणून कोणी तोंडी आकडा सांगितला तर ऐकून घ्या आणि चालू शासन निर्णयाची प्रत मागा. राज्याच्या खरेदीची मूळ नियमपुस्तिका उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू केली आहे. पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्याकडून तिची आणि पुढच्या दुरुस्त्यांची प्रत मिळवून पंचायतीत एका फाइलला लावून ठेवा.

ती तीन दरपत्रकं टेबलावर शेजारी शेजारी मांडा. तीन दुकानं, पण शुद्धलेखनाची चूक एकच. तीन लेटरहेड, पण टाइपाचा आकार, समासाची जागा आणि तारीख तीच. अक्षर हाताचं असेल तर आणखी लवकर कळतं. मग जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. आपला मुलूख दोन राज्यांच्या सीमेवर आहे, सुरत-बऱ्हाणपूरकडचा माल आपल्याकडे येतो, त्यामुळे २४ किंवा २३ दिसणं म्हणजे गडबड नव्हे. पण बिलावर पत्ता नंदुरबारचा आणि क्रमांक २४ ने सुरू, तर विचारा. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन वेगळ्या दुकानांच्या क्रमांकात ती दहा अक्षरं सारखीच निघाली तर मालक एकच आहे आणि स्पर्धा झालेलीच नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही दिसतं. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

खरेदीचे तुकडे पाडणं ही सगळ्यांत जुनी युक्ती. एलईडी दिवे घ्यायचे असतात दीडशे, पण निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून तीस-तीसचे पाच आदेश निघतात, कधी एकाच आठवड्यात, एकाच दुकानाला. एकेक फाइल बघितली तर काही सापडत नाही. म्हणून वर्षभराच्या नमुना १२ मधून एकाच पुरवठादाराची बिलं वेगळी काढा आणि तारखेने लावा.

दर तपासायला दूर जावं लागत नाही. पीव्हीसी पाइप जळगावातच बनतात. पिण्याच्या पाण्याच्या पाइपावर आयएस ४९८५ असा मानक क्रमांक, व्यास आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो. बिलात ६ किलोचा (हे किलो दाबाचे, वजनाचे नव्हेत) पाइप आणि चारीत ४ किलोचा, ही फसवणूक चारी बुजण्याआधीच पकडता येते, नंतर नाही. चारी उघडी असताना मोबाइलवर छपाईचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक. सदस्याचा स्वतःचा किंवा आडून हितसंबंध पंचायतीच्या ठेक्यात असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ग) खाली तो अपात्र ठरू शकतो. तुमच्या भावाचं सिमेंटचं दुकान असेल तर पहिल्याच सभेत सांगून टाका आणि त्या विषयाच्या वेळी बाजूला राहा. असं करणाऱ्याचा शब्द गावात पुढे वजनाने ऐकला जातो.

काम: टेप घेऊन जा

बांधकामाच्या फाइलचा क्रम असा: ग्रामसभेच्या आराखड्यात काम, अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश, एमबी, बिल, पूर्णत्वाचा दाखला. या साखळीत तारखा पुढेपुढे जायला हव्यात. कार्यारंभ आदेशाआधीचं मोजमाप किंवा मोजमापाआधीचं बिल दिसलं तर कागद नंतर बनवले आहेत.

आता रस्ता घ्या. काँक्रीटचा, १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. गुणाकार ४५ घनमीटर. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे ३६० गोण्या. जाडी १५ ऐवजी १० सेंटिमीटर ठेवली तर काँक्रीट ३० घनमीटरच लागतं आणि साधारण १२० गोण्या वाचतात. वरून रस्ता दोन्ही वेळा सारखाच दिसतो! लांबी-रुंदीत सहसा कोणी चोरी करत नाही, ती कोणालाही मोजता येते. चोरी जाडीत होते. म्हणून काँक्रीट ओतलं जात असताना जा. केळीची गाडी भरताना आपण काट्याजवळून हलत नाही, घडाच्या दांड्याचं किती वजन कापलं यावरून व्यापाऱ्याशी बोलतो. गावच्या रस्त्याजवळही तसंच उभं राहायचं असतं, फक्त एक दिवस. कडेला लावलेल्या पाट्यांची उंची तीन ठिकाणी मोजा, फोटो काढा, ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे भरले जातात का बघा. त्या ठोकळ्यांचा ७ आणि २८ दिवसांचा तपासणी अहवाल फाइलला लागलाच पाहिजे.

कामाचं नावही नीट वाचा. "मारुती मंदिरापासून चौकापर्यंत गटार" आणि "चौकापासून मारुती मंदिरापर्यंत गटार" ही दोन कामं नव्हेत. एकच गटार दोन वर्षांत, किंवा एकदा पंचायतीच्या आणि एकदा दुसऱ्या कोणत्यातरी निधीतून दाखवलं जाण्याचे प्रकार होतात. उपाय साधा आहे: गावाचा हाताने काढलेला नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावा आणि प्रत्येक काम वर्ष व निधीसकट त्यावर रंगवा. आमच्या शाळेतल्या मुलांनी असा नकाशा एका दुपारी काढला होता.

बिलातून कपाती झाल्या का तेही बघा: आयकर, कामगार कल्याण उपकर १ टक्का, अडीच लाखांवरच्या करारावर जीएसटीची २ टक्के कपात, वाळू-खडीचं स्वामित्वधन (रॉयल्टी), सुरक्षा अनामत. या रकमा कापल्या असतील तर त्या पुढे भरल्याचं चलनही हवं. कापली आणि भरली नाही, ही चूक लेखापरीक्षणात हमखास निघते.

भांडण न करता कसं विचारायचं

ग्रामसेवकाकडे बहुतेक वेळा एकाहून जास्त गावं असतात. वह्या मागे पडण्याचं कारण दर वेळी लबाडी नसते. मी असं करायचो: चार दिवस आधी चिठ्ठी द्यायची, "भाऊसाहेब, येत्या सभेत एप्रिलची रोकड वही आणि प्रमाणक फाइल पाहायची आहे." अचानक धाड घालून काही मिळत नाही, माणूस मात्र दुखावतो. पण दोनदा सांगूनही वही आली नाही तर तिसऱ्यांदा लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

सभेत विरोध असेल तर तो तोंडी ठेवू नका. "सदर खर्चाचं प्रमाणक सभेसमोर ठेवलं नाही, म्हणून माझा विरोध नोंदवावा" असं सांगा आणि तो लिहिला गेल्याचं पाहूनच सही करा. कोऱ्या पानावर, किंवा दोन ठरावांमध्ये जागा सोडलेल्या पानावर, सही नाही. आप्पा-नाना मंडळी म्हणतील, "अरे, गावात राहायचं शे ना आपल्याले." त्यांचं म्हणणं मला समजतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एकाच झोक्याखाली बसायचं असतं. म्हणूनच माणसाचं नाव न घेता कागदाचा क्रमांक घ्यायचा. "तुम्ही खाल्लं" म्हटलं की गटबाजी सुरू होते. "प्रमाणक क्रमांक सतराला बिल जोडलेलं नाही" म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

सातपुड्यातल्या गावांसाठी

अक्राणी, अक्कलकुवा हे तालुके पूर्ण, आणि शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर यांसारख्या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा, १९९६ (अशा आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा) लागू आहे आणि ग्रामसभेचं बळ जास्त आहे. या कायद्याच्या कलम ४(च) प्रमाणे पंचायतीने खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागतं. म्हणजे पैसे नीट खर्च झाले असं गावाने म्हटल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधीही थेट पेसा पंचायतींकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते.

अडचण भाषेची आहे. प्रमाणपत्र मराठीत टाइप होऊन येतं आणि पाड्यावरची सभा भिलोरी किंवा पावरी बोलते. तिथल्या सदस्याचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक खर्चाची ओळ त्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवणं: "हातपंपाला इतके, अंगणवाडीच्या पत्र्यांना इतके." मग विचारायचं, हातपंप चालू आहे का? बाया लगेच उत्तर देतात. उत्तर ठरावात लिहा.

बाकीच्या खानदेशातही हे नवं नाही. पांझरा नदीच्या फड बागायतीत, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या जुन्या सिंचनात, पाणी वाटणारे पाटकरी आणि जागल्या कोणाला किती पाणी गेलं हे सगळ्यांच्या देखत सांभाळत आले. पाण्याचा वाटा उघड्यावर ठरत होता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

जुने आक्षेप आणि न दाखवलेली कागदं

पंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. मागच्या तीन-चार वर्षांचे अहवाल मागा आणि नमुना ३० शी ताडून पाहा. कोणते आक्षेप अजून उभे आहेत, कोणती रक्कम वसुलीपात्र धरली आहे? नव्या सदस्यासाठी याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही, कारण तुमच्याच गावच्या चुका त्यात क्रमाने लिहिलेल्या असतात. त्याच चुका यंदा चालू आहेत का, एवढंच बघायचं.

कागद दाखवलेच नाहीत तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, विषय एक, मजकूर १५० शब्दांच्या आत. "सर्व कामांची सर्व माहिती" असं लिहू नका. "२०२४-२५ मधील प्रमाणक क्रमांक १ ते ४० च्या प्रती आणि संबंधित एमबीची पानं" असं लिहा. या कायद्यात दप्तर प्रत्यक्ष पाहण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही न्याय नाही मिळाला तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं.

पुरावा हातात आला की गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. गैरवर्तनासाठी सरपंच-सदस्याला पदावरून काढण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे, पण ते हत्यार राजकारणासाठीही उपसलं जातं, म्हणून कागद पक्के असल्याशिवाय तिकडे जाऊ नका. कोणी लाच मागितली तर मात्र थांबू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

येत्या सभेला जाताना वही, पेन आणि मोजायची टेप पिशवीत टाका. चार दिवस आधी भाऊसाहेबांना चिठ्ठी द्या, मागच्या महिन्याचं नमुना ५ चं पान आणि बँकेचा उतारा मागा, आणि टीसीएलची गोणी कुठे ठेवली आहे ते विचारा.